सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर : कुठला घ्यायचा?

सचिव, ए-१०३ : मंडळी नमस्कार 🙏 ऑफिसचा पीसी 'विंडोज १०ला आता अपडेट मिळणार नाहीत' असं रोज बजावतोय. आय५-७४००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. मंगळवारी कमिटीत कोटेशनं ठेवायची आहेत. एचपी, डेल, लेनोवो, की सरळ मॅक? ज्यांना कळतं त्यांनी बोला, फॉरवर्ड नकोत.

डी-३०१ : टीपीएम (मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय, विंडोज ११ ती मागतं) चालू करून विंडोज ११ टाका की. फुकटात काम.

सी-६०१ : दादा, इथे टीपीएम नाही, प्रोसेसर आडवा येतोय. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, ७४०० सातवीतला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'इंटेल पीटीटी' चालू केलं की टीपीएम २.० दिसेलही, पण चिप यादीत नाही ती नाहीच. रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवून तपासणी चुकवता येते, विंडोज चालतंही. मात्र दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, पुन्हा तोच खटाटोप. घरच्या मशीनवर खुशाल करा. सोसायटीचं बँक लॉगिन असलेल्या मशीनवर नको.

बी-५०२ : विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. मी म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत, याच मशीनवर पळेल, फक्त हार्डडिस्क काढून एसएसडी लावा.

खजिनदार, बी-२०४ : आणि टॅली?

बी-५०२ : ताई, तिथेच गाडी अडते, खरं आहे. टॅलीची लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नाही.

सी-६०१ : म्हणून आधी ब्रँड नको, आधी ऑफिसच्या टेबलावर काय काय आहे ते बघू. टॅली, टीडीएससाठीचं डिजिटल सहीचं टोकन, कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आणि मराठी नोटिसांच्या जुन्या फाइली. या चार गोष्टी सिस्टिम ठरवतात.

प्रिंटरचंच घ्या. एलबीपी २९०० स्वतः पान तयार करत नाही. ते काम कॉम्प्युटर करतो आणि कॅननच्या 'सीएपीटी' या भाषेत प्रिंटरकडे ढकलतो. त्यामुळे ड्रायव्हर नसेल तर तो नुसता डबा. विंडोजच्या ६४-बिट ड्रायव्हरवर बरा चालतो, लिनक्सवर खटपट करावी लागते, नव्या मॅकओएसवर विसराच.

ए-७०४ : मॅक मिनी एम४ बाजारात आली तेव्हा १६ जीबीची ५९,९००ला होती. वीज कमी खाते, आवाज नाही, मोठं अपडेट वर्षानुवर्षं येत राहतं. दर्जात तिच्यापुढे बाकीचे पत्र्याचे डबे वाटतात. पॅरलल्स हे सॉफ्टवेअर टाकून मॅकच्या आत विंडोज चालवता येईल ना?

सी-६०१ : ताई, मशीन म्हणून मिनी उत्तमच. पण एम-मालिकेच्या चिपवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय) नाही आणि पॅरलल्समध्ये चालतं ते आर्मसाठीचं, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं विंडोज. साधे प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हरचं तसं होत नाही, तो आर्मसाठीच बनवलेला लागतो. टोकन आणि जुना प्रिंटर दोन्ही तिथेच अडकतात. शिवाय रॅम चिपच्या पॅकेजातच असते, पुढे वाढवता येत नाही. तुमच्या फोटो-व्हिडिओच्या कामाला घ्या, पावत्या फाडायला नको.

ई-१०२ : पाणी आज किती वाजता?

सचिव, ए-१०३ : साडेसहा ते साडेसात. विषयावर राहू या.

डी-३०१ : पण विंडोजचा भरवसा काय? मागे विमानतळ बंद पडले होते.

बी-५०२ : मी लिनक्सवाला असूनही हे विंडोजच्या माथी मारणार नाही. १९ जुलै २०२४ची ती घटना. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष अपडेट फाइल होती, सुमारे ८५ लाख मशिनी निळ्या पडद्यावर अडकल्या. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसतो, तिथे चुकलं की अख्खी सिस्टिम कोसळते. लिनक्सच्या कर्नलमध्येही असं घडू शकतं. ॲपलने २०१९च्या कॅटालिनापासून बाहेरच्यांना कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली, हा त्यांचा खरा फायदा. ऑफिसच्या पीसीवर मात्र एकच करा : विंडोजसोबत येणारा डिफेंडर ठेवा, वर दुसरा अँटिव्हायरस चढवू नका.

खजिनदार, बी-२०४ : मराठी फाइलींचं सांगा. मागच्या दहा वर्षांची इतिवृत्तं आहेत.

सी-६०१ : त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, ही अडचण. जुन्या फॉन्टमध्ये 'क' म्हणून दिसतं तिथे आत इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता किचाट दिसतो, मग ते विंडोज असो की मॅक. जुन्या पीसीच्या सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स आहे, त्यातले मराठी फॉन्ट आधी पेनड्राइव्हवर घ्या. महत्त्वाची इतिवृत्तं जुन्या मशीनवरूनच पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट फाइलीतच बसतो. पुढच्या नोटिसा युनिकोडमध्ये. विंडोज ११मध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत, वेगळं काही विकत घ्यायला नको.

सचिव, ए-१०३ : म्हणजे विंडोजच. आता ब्रँड?

सी-६०१ : काका, ब्रँड हा शेवटचा प्रश्न. या कंपन्यांचे कित्येक लॅपटॉप क्वांटा, कॉम्पालसारखे तैवानी ठेकेदारच बनवून देतात. फरक मालिकेत असतो. घरगुती मालिका स्वस्त, वॉरंटी बहुधा एक वर्ष, बिघडलं की सर्व्हिस सेंटरला आपणच न्यायचं. धंद्यासाठीची मालिका म्हणजे लेनोवोची थिंकसेंटर, एचपीची प्रो आणि एलीट, डेलची ऑप्टिप्लेक्स, जिला २०२५पासून 'डेल प्रो' म्हणतात. या मालिकांत तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेता येते, माणूस ऑफिसात येतो. तिघांतली कुठलीही चालेल. ज्याचा माणूस आपल्या भागात लवकर पोचतो ती घ्या.

डी-३०१ : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन असेंबल केला तर स्वस्त पडेल.

सी-६०१ : पडेल. पण पाच सुट्या भागांच्या पाच वेगळ्या वॉरंट्या, आणि कमिटी बदलली की बिलं कुणाकडे आहेत ते शोधत बसा. शिवाय दुकानदार ५०० रुपयांची 'ओरिजिनल की' लावून देतो, ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या परवान्यातली असते, कधी रद्द होईल सांगता येत नाही.

खजिनदार, बी-२०४ : लॅपटॉप घेतला तर ऑडिटला नेता येईल.

ए-७०४ : ताई, ऑफिसात तो २४ तास चार्जरलाच राहणार. १००% चार्ज आणि वर उकाडा, त्यात बॅटरी फुगते, आधी टचपॅड वर येतो. घेतलाच तर चार्ज ८०%वर रोखायची सोय चालू करा. लेनोवोत 'कन्झर्वेशन मोड', एसूसमध्ये 'मायएसूस'मध्ये, एचपीत बायोसमध्ये. आणि स्क्रीन मधोमध धरून उघडा. कोपऱ्याला धरून उघडलं की बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते प्लॅस्टिकमधून उखडतात. नेहमीचं दुखणं आहे ते.

सी-६०१ : आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कुणी बघत नाही. नवं विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे डेटा कुलूपबंद होतो. ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाते. उद्या मदरबोर्ड बदलला तर मशीन ती की मागेल. खातं माजी सचिवांच्या खासगी ईमेलचं असेल आणि ते परगावी गेलेले असतील, तर टॅलीचा डेटा समोर असून हाती नाही. म्हणून होम नको, प्रो घ्या. सेटअपमध्ये 'सेट अप फॉर वर्क ऑर स्कूल', मग 'साइन-इन ऑप्शन्स', मग 'डोमेन जॉइन इन्स्टेड'. ईमेलशिवाय लोकल खातं तयार होतं. एन्क्रिप्शन हवंच असेल तर की छापून सोसायटीच्या कपाटात.

खजिनदार, बी-२०४ : हे कुणी सांगितलंच नव्हतं. बरं, आणखी एक. सध्याच्या पीसीवर सकाळी बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, घड्याळही २०१७ दाखवतं. व्हायरस?

बी-५०२ : नाही ताई, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख मागे गेली की साइटचं सर्टिफिकेट जुळत नाही. किरकोळ खर्चाचा नाण्याएवढा सेल, प्लग काढून बदलायचा. आणि कधी तीन बीप देऊन अडला तर रॅमची पट्टी काढून सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा. दमट हवेत तिथे थर बसतो.

सचिव, ए-१०३ : कोटेशनमध्ये नेमकं काय लिहू?

सी-६०१ : असं लिहा : बिझनेस मालिकेचा छोटा डेस्कटॉप, बाराव्या पिढीचा किंवा नंतरचा आय३ किंवा आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ प्रो कारखान्यातूनच टाकलेलं, ३ वर्षं ऑनसाइट, बिल सोसायटीच्या नावे. बिलाबरोबर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दुकानातच बघा. पडून राहिलेल्या मालाची मुदत आधीच सुरू झालेली असू शकते.

सोबत ६०० व्हीएचा यूपीएस. एंट्री चालू असताना वीज गेली की टॅलीचा डेटा खराब होतो. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलायची, बीप वाढले की समजायचं. लेझर प्रिंटर मात्र त्यावर नको, टोनर कागदावर पक्का करणारा फ्यूझर तापवताना एकदम करंट ओढतो.

डी-३०१ : जुना पीसी भंगारात?

बी-५०२ : मिंट टाकून वाचनालयात ठेवा. पण आधी हार्डडिस्क. सभासदांचे आधार, पॅन, नॉमिनेशन फॉर्म सगळं त्यावर आहे. टॅलीत ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या, तो नव्या मशीनवर उघडून ताळेबंद जुळतोय का बघा. मग डिस्क काढून नव्या मशीनला लावा, फॉरमॅटच्या खिडकीत 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढा आणि सुरू करा. खूण असली तर फक्त यादी पुसते, फाइली तशाच राहतात. नसली तर विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं. १ टीबीला दोन-तीन तास लागतील. जाताना कुणी मेन स्विच पाडू नका.