शिरोलीतल्या फौंड्रीसाठी बिझनेस स्ट्रॅटेजीचा सल्लागार घ्यावा का?

शिरोली_फौंड्री: मंडळी, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली फौंड्री, म्हणजे धातू वितळवून पार्ट ओतायचा कारखाना, मी चालवतो. निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं, तेही सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं. विजेच्या गाडीत हा पार्टच नसतो. पुढं काय ओतायचं हे ठरवायला स्ट्रॅटेजी आणि इनोव्हेशनवाली कन्सल्टिंग फर्म घ्यावी म्हणतोय. कुणाचा अनुभव?

उद्यमनगर_लेथ: दादा, आम्ही घेतली होती, नाव लिहीत नाही. तीन महिन्यांनी ऐंशी पानांचं प्रेझेंटेशन देऊन गेले. त्यातलं बरंचसं आम्हीच त्यांना पहिल्या आठवड्यात सांगितलेलं. बोलणी करायला मोठे साहेब आले आणि कामाला नुकतीच पास झालेली पोरं. सही करायच्या आधी 'रोज कोण येणार, त्याला भेटवा' म्हणा.

गोकुळ_शिरगाव_काका: असंही होतं, खरं आहे. पण मला माणूस चांगला मिळाला. फौंड्रीत पंचवीस वर्षं काढून सल्लागार झालेला. आल्या आल्या त्यानं एकच केलं, प्रत्येक पार्टचा हिशोब वेगळा मांडला. किलोच्या भावात सगळं सारखंच दिसायचं हो! जास्त कोअरचे (आतली पोकळी राखायला साच्यात बसवतात ते वाळूचे गाभे), जास्त रिजेक्शनचे दोन पार्ट आम्ही कित्येक वर्षं तोट्यात देत होतो. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत टनाला ६००च्या आसपास युनिट जातात. रिजेक्ट माल परत वितळवला की तेवढी वीज पुन्हा जाते. ते दोन पार्ट सोडले आणि हब, ब्रेक ड्रम मशीनिंग करून द्यायला लागलो. गाडी विजेची असली तरी चाक आणि ब्रेक लागणारच. फी मात्र टप्प्याटप्प्यानं ठरवा, एकरकमी देऊ नका.

कागल_पंचतारांकित: रिजेक्शन, साठा, वेळ एवढंच सुधारायचं असेल तर आधी केंद्राची छोट्या-मध्यम उद्योगांसाठीची एमएसएमई लीन योजना बघा. २०२३ मध्ये नव्यानं सुरू झाली. बेसिक पातळी मोफत, पुढच्या पातळ्यांना सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. पण कोणता ग्राहक धरायचा आणि कोणता सोडायचा, हे त्यात मिळणार नाही. त्याला काकांसारखाच माणूस शोधावा लागेल.

शिरोली_फौंड्री: काका, पार्टवार हिशोब आम्ही कधीच काढलेला नाही. सोमवारच्या सुट्टीत वडिलांना घेऊन बसतो. तुमच्या त्या सल्लागारांचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कराल का?