पेपरात आलंय म्हणजे खरंच, असं आधी होतं का खरंच?

कांदेपोहे_नकोत:
परवा बाबांशी वाजलं. त्यांचं म्हणणं, आमच्या वेळी छापून आलं म्हणजे ते झालेलंच असायचं, आता कोणाचाच भरवसा नाही. मी म्हटलं तेव्हा ताडून बघायला तुमच्याकडे दुसरं होतं काय? तर चिडून टीव्हीचा आवाज वाढवला (तोच टीव्ही ज्याच्यावर भरवसा नाही!). पण खरं सांगा, आधीचे पत्रकार जास्त सचोटीचे होते का?

वटवाघूळ:
सचोटी? १८३५ साली न्यूयॉर्कच्या 'सन'ने चंद्रावर पंखवाली माणसं राहतात म्हणून सहा लेखांची मालिका छापली, वर जॉन हर्शेल या खऱ्याखुऱ्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव चिकटवून. ती थाप म्हणून सोडा, पण ड्युरँटीचं काय? न्यूयॉर्क टाइम्सचा मॉस्कोचा बातमीदार, १९३२ चं पुलित्झर (अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार) मिळालेला. १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स युक्रेनच्या गावांतून पायी फिरून आला आणि सांगितलं की तिथे दुष्काळ पडलाय, लोक मरतायत, तर ह्याने लगेच पेपरात त्याला खोडून काढलं. आता शब्दाला वजन कोणाच्या असणार, पुलित्झरवाल्याच्या की एका पोरसवदा बातमीदाराच्या?

सरळसोट:
वेचून वेचून उदाहरणं काढली की काहीही सिद्ध होतं हो. वॉटरगेट, म्हणजे ज्यात अमेरिकेच्या अध्यक्षाला, निक्सनला, राजीनामा द्यावा लागला ते प्रकरण, तेपण पत्रकारांनीच लावून धरलं ना? अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत १९७६ साली ७२ टक्के लोकांचा मीडियावर विश्वास होता, २०२४ ला ३१. एवढे लोक काय उगाच उठून गेले? बातमीदार पाठवायला पैसा लागतो, स्टुडिओत चार जण भांडायला बसवले की स्वस्तात तासभर निघतो, मग लोकांना बातमी आणि मत यातला फरकच कळेनासा होतो.

जुना_डेस्कवाला:
पेपरात नऊ वर्षं रात्रपाळी केलीय, सांगतो. एकदा आम्ही एका जिवंत माणसाला बातमीत मारलं. नाव सारखं होतं, पान छपाईला सोडायची वेळ झालेली, घरी फोन करून विचारायला दहा मिनिटं लागली असती, ती कोणी काढली नाहीत. सकाळी त्याचाच फोन. खुलासा छापला तिसऱ्या दिवशी, आतल्या पानावर चार ओळी, जाहिरातीच्या खाली. बातमी वाचलेल्यांपैकी किती जणांनी त्या पाहिल्या असतील? १९४८ ला शिकागो ट्रिब्यूनने अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रूमन हरला म्हणून छापलं तेही असंच, छपाई कामगारांचा संप, पान लवकर सोडायचं होतं, निकाल पुरते आलेच नव्हते. ट्रूमन जिंकला आणि तोच अंक हातात धरून फोटो काढून घेतला.
त्यामुळे घाई आधीपण होतीच. फक्त तेव्हा चूक कागदावर राहायची, नाकारता यायची नाही. आता साईटवर हेडिंग गुपचूप बदलतात, खाली 'अपडेटेड' एवढंच, काय बदललं ते सांगत नाहीत. मला ह्याचाच जास्त राग येतो. बघायचंच असेल तर चूक झाल्यावर कोण कसं वागतं ते बघा, मी त्यावरूनच ठरवतो कुठलं वाचायचं.

कांदेपोहे_नकोत:
काका, तुमच्या त्या माणसाने पुढे काय केलं, केस वगैरे?
आणि बाबांना ट्रूमनची गोष्ट सांगितली. म्हणाले, हे कुठे वाचलंस? म्हटलं, नेटवर. 🙈

जुना_डेस्कवाला:
केस कसली, हसत होता फोनवर. म्हणाला, कोण कोण भेटायला येतंय ते बघतोय.