‘लाइट्स’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: लडाख, २०१२)

खारुताई: एका अंकासाठी लेख लिहितेय, एका शब्दावर गाडी अडलीय. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांना रात्री पिवळसर गोळे दिसायचे. चीनच्या बाजूने क्षितिजावरून वर यायचे, तीन ते पाच तास सावकाश सरकायचे आणि नाहीसे व्हायचे. लष्कराने ३२९ नोंदी केल्या, त्यांतल्या १५५ ताबारेषा ओलांडल्याच्या! इंग्रजीत सगळीकडे ‘लाइट्स’. ‘दिवे’ लिहिलं तर दिवाळी अंक वाटतो. ‘प्रकाश’ला अनेकवचन नाही. सुचवा.

पंतोजी: दीप्तिपिंड. नेमका आणि संस्कृतनिष्ठ.

जुना_पापी: पंतोजी, हे पितृपक्षात वाढतात का? सरळ ‘उडत्या तबकड्या’ लिहा. शेंबड्या पोरालाही कळतं.

चकोर: तबकडी कशी चालेल? आकार कुणी पाहिलाय? मुळात अमेरिकेतही तो घोटाळाच. २४ जून १९४७ला केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने सांगितलं की त्याला आकाशात दिसलेल्या वस्तू पाण्यावर फेकलेल्या बशीसारख्या टप्पे घेत जात होत्या. तो चालीबद्दल बोलत होता, वर्तमानपत्रांनी बशी केली. आपण तिची तबकडी केली. आमच्या घरी तबकडी म्हणजे ग्रामोफोनची.

वाकडी_वाट: तबक अरबी आहे, एवढं नोंदवून ठेवतो. पंतोजींना झोप लागणार नाही.

नर्मदा: माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. रात्री डोंगराच्या कडेने उजेडाची रांग दिसली की आजी म्हणायची, वेताळाची पालखी चाललीय, बघू नको. त्या पालखीपुढच्या त्या दिवट्या. मग ‘दिवट्या’ का नको?

जुना_पापी: नर्मदाताई, ‘लष्कराला दिवटे दिसले’ असं छापून आलं तर लोक शेजाऱ्याच्या चिरंजीवांबद्दल समजतील.

निवृत्त_हवालदार: मी लेहच्या बाजूला होतो, पण त्या वर्षांच्या आधी. आमच्या रजिस्टरमध्ये संतरी ‘हलती बत्ती’ लिहायचा. वेळ, दिशा, किती वेळ दिसली, बस्स. ही ‘दीप्ती’ कुठल्या पोस्टवर होती?

पंतोजी: हवालदारसाहेब, आदर ठेवून सांगतो, बत्ती हिंदी आहे.

निवृत्त_हवालदार: मग बत्ती गुल झाल्यावर तुम्ही काय म्हणता?

चकोर: ☝️ या प्रकरणाचा शेवट सगळे विसरताय. फिरतं रडार आणून लावलं, रेडिओ लहरी तपासणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावला, काही सापडेना. त्याने संशय उलट वाढला. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी पाहून सांगितलं की हे शुक्र आणि गुरू. त्यांना रडार कुठून पकडणार? डिसेंबर २०१२मध्ये गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे संध्याकाळी उगवला की रात्रभर आकाशात. शुक्र तेव्हा पहाटेचा. हवा विरळ आणि स्वच्छ, समोर चीन, आणि डोळे ड्रोन शोधतायत. म्हणजे १५५ घुसखोऱ्या आपल्या ग्रहांच्या नावावर 😀

नर्मदा: शुक्राची चांदणी आजीला कळायची हो. ती बघूनच उठायची.

वाकडी_वाट: आजीच्या हातात दुर्बीण आणि समोर सीमा दिली असती तर? ड्युटीवरच्या माणसाने लिहिलं नाही तर त्याचीच चौकशी. मी जवानांना हसणार नाही.

खारुताई: म्हणजे ‘अनाकलनीय’ही गेलं, कारण आकलन झालंय. ‘लष्कराने शहानिशा केली’ एवढं तरी चालेल ना?

चकोर: चालेल. अमेरिकी हवाईदलाने अशा उडत्या वस्तूंचा तपास केला, त्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १२,६१८ नोंदींपैकी ७०१ शेवटपर्यंत ‘अनोळखी’ राहिल्या, तिथे शब्दाची खरी अडचण. तुमच्या लेखात नाही.

पंतोजी: शहानिशा मात्र चपखल! निशा म्हणजे रात्र. रात्रीचा तपास.

वाकडी_वाट: अहो, काहीही काय! ‘खातरनिशा’तली निशा ती. खात्री पटणे. रात्रीशी काडीचा संबंध नाही.

पंतोजी: मग ‘शहा’ कोण?

जुना_पापी: आमच्या सोसायटीचे खजिनदार. त्यांची निशा आजवर कुणी करू शकलेलं नाही.

वाकडी_वाट: पंतोजी, वेगळा धागा काढा. तिथे भांडू.