१८ मेचा संग्रहालय दिन मराठवाड्यात नेमका कुणासाठी?

जुना_खडू

गेल्या वर्षी मे महिन्यात एका संग्रहालयातून फोन आला. "सर, १८ तारखेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आहे. पन्नासेक विद्यार्थी आणता का?" शाळा सुटलेल्या, निम्मी लेकरं मामाच्या गावाला, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसू नये असं ऊन. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, नाही म्हणायची सवय नाही. गल्लीबोळांतून चाळीस पोरं गोळा केली.

कार्यक्रम म्हणजे दीपप्रज्वलन, तीन भाषणं, मग "हात मागं बांधा, पुढं चला" करत वीस मिनिटांत पाच दालनं. त्यानंतर पत्र्याच्या शेडखाली चित्रकला स्पर्धा, विषय 'आपला वारसा'. ज्या पोरांनी अर्ध्या तासापूर्वी दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची मूर्ती बघितली होती, त्यांनी काय काढलं? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळाचं झाड. मराठवाड्यात नारळ! पहिलं बक्षीसही एका नारळालाच मिळालं. (परीक्षक मीच होतो, त्यामुळं कुणाला नावं ठेवायची सोय नाही.)

तेव्हापासून डोक्यात आहे ते मांडतो. हा दिवस १९७७ पासून जगभर पाळतात. युरोपात त्या दिवसांत हवा छान असते, इकडं मे महिन्यात माणूस सावली सोडत नाही. आपले दिवस वेगळे आहेत. पैठणला नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात. तेरला चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा भरते. दोन्ही गावांत सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, आणि गावात आलेला माणूस दर्शन घेऊन, रेवड्या बांधून परत जातो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकलं की हजारो मुलं धुतलेल्या गणवेशात सकाळी नऊलाच मोकळी होतात. कार्यक्रम त्या दिवशी ठेवा ना.

दुसरं, सगळं दाखवायचा हव्यास सोडा. एक वस्तू आणि एक तास. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या, म्हणजे केओलिनच्या, मूर्ती आहेत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडलेल्या. गणपतीच्या हंगामात साचे हाताळणाऱ्या कुंभाराला कडेची जोडरेघ लगेच दिसते. त्याला बसवा, पुढ्यात वीस पोरं, दोन साचे, घमेलंभर माती. मूर्ती आतून पोकळ का ठेवली, हे तो सांगेल: भरीव असती तर भट्टीत तडकली असती. गोरोबा कुंभाराच्या गावात हा तास कुंभारानं घ्यायचा नाही तर कुणी?

अजिंठ्याच्या चित्रांचंही तसंच. खाली मातीचा गिलावा, त्यात तूस, गवताचे तंतू, वर पांढऱ्या रंगाचा हात आणि मग चित्राचे रंग. जी आजी जन्मभर भिंती लिंपत आली, दर मिरगाआधी माळवदावर पांढरी माती पसरत आली, तिला तूस का घातलं हे विचारा. पोरं भाषणापेक्षा तिचं जास्त ऐकतील.

बोला आता.

काचेआडून

सरांचा नारळ पटला, बाकीचं नाही पटलं. मी एका संग्रहालयात नोकरी करतो, कुठल्या ते विचारू नका.

यात्रेच्या दिवशी दालनं उघडी ठेवायची? आमच्याकडं पाच दालनांना मिळून दोन पहारेकरी आहेत, त्यातला एक तिकिटावर बसतो. जुनं कापड, लघुचित्रं, हस्तलिखितं यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू नये असा दंडक आहे, कारण उडालेला रंग परत येत नाही. घामेजलेली पाचशे माणसं एकदम आत शिरली की दमटपणा कुठं जातो ते आम्ही मोजतो, तुम्ही नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत माणसं थोडी थोडी करून सोडतात, ती काही हौस म्हणून नाही.

आणि 'एक वस्तू एक तास' घेणार कोण? शिक्षण अधिकारी असं पदच आमच्या आस्थापनेवर नाही. जो अभिरक्षक आहे तोच नोंदवही लिहितो, वीजबिल भरतो, मंत्री आले की तोच माहिती सांगतो. सगळ्या वस्तूंचे फोटो आणि नोंदी अजून पूर्ण नाहीत. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, अशी गत. अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या प्रतिकृतींचं केवढं मोठं पर्यटक केंद्र उभं राहिलं, २०१३ ला सुरू झालं. पुढं वीज-पाण्याच्या थकबाकीत बंद पडलं. आधी नोंदी, दिवे, पहारा, मग तुमचे कुंभार आणि आज्या.

तिसरी_घंटा

मी मुख्याध्यापिका आहे, म्हणून दोघांनाही जमिनीवर आणते. नाथषष्ठी कधी येते सर? बहुतेक मार्चमध्ये, दहावीच्या पेपरांच्या आसपास. चैत्रातल्या यात्रेला वार्षिक परीक्षा. त्या दिवसांत शाळा सहल काढणार नाही, आणि काढली तर मला नोटीस येईल.

दुसरं म्हणजे पालक विचारतात, याचे मार्क किती? चित्रकलेची इंटरमिजिएट दिली तर दहावीला 'अ' श्रेणीचे सात गुण मिळतात, त्यासाठी पोरं दोन महिने वस्तुचित्र घोटतात. कुंभारासमोर एक तास बसून काय मिळणार, याचं उत्तर मला पालकसभेत द्यायचं असतं, तुम्हाला नाही.

भोकरदनचा_भाऊ

मार्कांचं ऱ्हावू द्या मॅडम, साधं म्हाईत तरी करून द्या लेकरायला. इटलीत पॉम्पेईला १९३८ मध्ये हस्तिदंताची एक बाई सापडली, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या घरात. आज नेपल्सला ठेवलीय. तिच्यासारख्याच बाया तेरला निघाल्या अन् आमच्या भोकरदनच्या खोदकामातबी निघाल्या. आमच्या पोरायला पुण्याचं सगळं म्हाईत, पांढरीच्या, म्हंजी जुन्या वस्तीच्या, टेकाडाखाली काय निघालं ते कोनी सांगायलं नाही. लेकरू संग्रहालयात येऊ शकत नसंल तर संग्रहालयानं यावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून फिरायली ना? मग आपल्या विभागाला एक काहून नाही?

चौकटीबाहेरची

मला खटकलं ते वेगळंच आहे. कुंभार, सारवण, आजी, पांढरी माती. म्हणजे मुंबईच्या पोरानं संग्रहालयात जाऊन गायतोंडेंचं अमूर्त चित्र बघायचं आणि आमच्या लेकरानं तिथंही घरचंच शेण बघायचं? मी लातूरकडच्या खेड्यातून शिकून चित्रकार झाले. मला मातीचं कौतुक नको होतं, माती घरी भरपूर होती. मला असं काहीतरी बघायचं होतं जे गावात कुणीच बघितलं नव्हतं.

अजिंठ्याचंच घ्या. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे सगळं जवळपास मिळणारं. पण निळा? तो राजावर्त या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून आलेला. त्या चित्रकारांना स्थानिक मातीवर भागवायचं नव्हतं. मग त्यांच्या नावानं आपण मुलांना 'बघा, तुमच्या आजीसारखंच' एवढंच का सांगायचं? आजीचं तूस कळलं, पण बोधिसत्त्वाची झुकलेली पापणी? ती कोण सांगणार? त्याला चिखल नाही, शांतता लागते. आणि एवढ्या मोठ्या विभागात मुलांना आधुनिक चित्रं कायमची बघायला मिळावीत अशी जागा किती आहेत, मोजा बरं.

कार्यशाळा म्हटलं की हल्ली सगळ्यांना हात बरबटवायचे असतात. हातात काहीही न देता, पोराला एका चित्रासमोर दहा मिनिटं गप्प बसवून बघा. ते जास्त अवघड आहे.

साधा_माणूस

साठ पोरं आणि एक संडास, तोही कुलूपबंद. आधी यावर चर्चा करा. मुलींचे पालक का पाठवत नाहीत ते कळेल.

हिमरूवाली

आमच्या घरात दखनी बोलतात, मुलगा उर्दू माध्यमात आठवीला. शाळेनं एका संग्रहालयात नेलं होतं. फलक इंग्रजीत, सांगणाऱ्या बाई पुस्तकी मराठीत. परत आल्यावर तो म्हणाला, "अम्मी, कपडे का एक टुकडा था, अपने नाना के जैसा." फलकावर तंतू, तंत्र, शतक सगळं होतं, पण ताणा-बाणा (मागावरचे उभे-आडवे धागे) हा शब्द नव्हता. तो त्याला घरात ऐकून पाठ आहे.

आता कारागिरांना बोलवायचं चाललंय म्हणून सांगते. माझ्या वडिलांना अशा तीन कार्यक्रमांत बोलावलं. शाल, श्रीफळ आणि फोटो. (श्रीफळ म्हणजे सरांचा नारळच!) भाषण करणाऱ्या पाहुण्यांना मानधनाचं पाकीट, दिवसभर माग चालवून दाखवणाऱ्याला रिक्षाचे पैसेसुद्धा नाहीत. आमच्या शहरात हिमरूचे, म्हणजे रेशीम-सुती नक्षीच्या कापडाचे, हातमाग बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. तुमच्या कुंभाराचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, ते आधी लिहा.

जुना_खडू

उत्तर द्यायला उशीर झाला, गावाकडं लाईट नव्हती.

हिमरूवाली ताई, तुमचं म्हणणं बिनशर्त मान्य. मी कुंभाराच्या मोबदल्याचा एक शब्द लिहिला नाही, कारण मला सुचलंच नाही. वक्त्याला जेवढं तेवढंच कारागिराला, आणि कार्यक्रमाआधी ठरवून.

काचेआडून, दालनात गर्दी नको हे ऐकलं. मग यात्रेत दालन उघडूच नका. फाटकाबाहेर एक टेबल मांडा, प्रतिकृती ठेवा, ज्यांना हात लावता येतो अशा. दिंडीतला माणूस चालता चालता हातात घेईल, फिरवून बघेल, जाईल. अंध मुलांसाठी तर काचेतली मूर्ती असून नसल्यासारखीच, त्यांना प्रतिकृतीच लागते. पण 'आधी नोंदी, मग लोक' हे मी मानणार नाही. नोंदी पूर्ण व्हायची वाट बघत माझ्या तीस वर्षांतल्या पोरांच्या तीस तुकड्या बाहेर पडल्या. लोक आत आले तर दिव्यांसाठी, पदासाठी बोलणारं कुणी तरी असेल. वस्तूंना मतदान करता येत नाही.

चौकटीबाहेरची, तुम्ही मला दोन दिवस झोपू दिलं नाही. निळ्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण भोकरदनच्या भाऊंची हस्तिदंती बाई बघा. तशीच एक आपल्याकडून समुद्रापार गेली असं मानतात, आणि तुमचा निळा डोंगर ओलांडून आपल्याकडं आला. मग तूस आणि निळा एकाच तासात का नको? पोरानं आधी तूस ओळखावं, मग विचारावं की हे सगळं इथलं, तर हा रंग कुठला. पापणीचं मात्र मला सांगता येणार नाही. तो तास तुम्ही घ्या.

चौकटीबाहेरची

घेईन. पण नंतर 'काय शिकलात' असा निबंध लिहून घ्यायचा नाही. आणि स्पर्धा नाही.

तिसरी_घंटा

मार्चचं जमणार नाही हे परत सांगते. १७ सप्टेंबरचं जमेल. झेंडावंदनानंतर नववीचे वीस विद्यार्थी: अकरा मुली, नऊ मुलगे. पालकसभेत मी मार्कांचं काही बोलणार नाही, फक्त वेळ सांगेन: दहा ते अकरा. संडासाची किल्ली कुणाकडं असते ते आधी कळवा आणि टाकीत पाणी असू द्या.

काचेआडून

आमचं संग्रहालय तुमच्या शाळेपासून लांब नाही, हे मला वरच्या दोन-तीन पोस्टींवरून कळलंय. किल्ली आणि पाणी माझ्याकडं लागलं. साचे सरांकडं. कुंभाराच्या रोजाचं मी वरिष्ठांना लिहितो. नाही मिळाला तर आपण सगळे मिळून काढू, पण ताईंच्या वडिलांसारखं होणार नाही. मूर्ती काचेबाहेर येणार नाही, हे आत्ताच सांगतो. त्यावर वाद घालायचा नाही.