दोन चंद्र होते, भरती नव्हती: शाळेत रचलेल्या विज्ञानकथेच्या दुनियेचं आता काय करायचं?

दिवाडीवाला

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आठवी ते दहावीत वह्यांमधून एखादा ग्रह, एखादं साम्राज्य, नकाशे, राजांच्या याद्या असलं काहीतरी रचलेलं असतं. पुढे एकतर आपण ते लपवतो नाहीतर "काय दिवस होते ते" म्हणत कुरवाळत बसतो. मला दोन्ही पटत नाही. त्या दुनियेची नीट चिरफाड करावी आणि दुरुस्त करून ती पुन्हा लिहावी असं माझं मत आहे, आणि त्यावरच इथे बोलायचंय.

माझी दुनिया अशी होती. ग्रह पृथ्वीच्या दहापट मोठा, आकाशात दोन चंद्र, काचेच्या घुमटाखाली शहर, यंत्रमानवांची फौज, आणि सेनापती प्रॉक्सिमा सेंटॉरीजवळून पृथ्वीशी फोनवर बोलावं तसा बोलतो. प्रॉक्सिमा 4.24 प्रकाशवर्षांवर, म्हणजे हॅलो म्हटल्यावर उत्तर यायला साडेआठ वर्षं. ग्रहावर झाड एक नाही तरी सगळे मोकळा श्वास घेतात. या आकड्यांच्या चुका आता वाचताना लगेच दिसतात, आणि खरं सांगायचं तर त्या किरकोळ आहेत, एकेक आकडा बदलला की संपलं.

मला खुपतं ते दुसरंच. दोन चंद्र मी लावले ते फक्त छान दिसतात म्हणून, त्यांच्यामुळे खाली कोणाच्याही आयुष्यात काडीचा फरक पडत नाही. समुद्र आहे, बंदर आहे, पण अख्ख्या वहीत भरतीचा उल्लेख नाही. शहरात लाखो माणसं पण भात पिकवणारं कोणी नाही, घुमटाची गळती बुजवणारं कोणी नाही. आणि हे लिहिणारा राहत होता खाजनाच्या काठावर! खाजन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या काठची सखल जमीन, भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली, बांध घालून राखलेली. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी दारं ढकलून बाहेर जातं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्याच दाबानं दारं मिटतात, माणूस लागत नाही. पावसात जमिनीतलं मीठ धुऊन निघतं, मग कोरगुटासारखं खारं सोसणारं भात, कापणी झाली की खारं पाणी आत घेऊन मासळी, त्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, पावणीच्या पैशात गावची कामं. चंद्रापासून ताटातल्या भातापर्यंत सगळं एकमेकांत अडकलेलं. यापेक्षा पक्की दुनिया कुठल्या लेखकानं मनानं रचलीय असं मला वाटत नाही, आणि माझ्या ग्रहावर यातलं काहीच नाही.

म्हणून दुरुस्ती. चंद्र काढायचे नाहीत, दोन्ही ठेवायचे, आणि मग खाली काय काय बदलेल ते शेवटपर्यंत शोधून काढायचं. पटतंय का?

फोंड्याची वाचक

अजिबात नाही पटत. दादा, तुम्ही चौदा वर्षांच्या मुलाकडे चाळिशीतल्या माणसाचा हिशेब मागताय. त्या वयात आकाशात दोन चंद्र टांगणं हीच गोष्ट असते, त्याच्या पुढे दुसरं काही लागत नाही, तेवढ्यावर मुलगा दोनशे पानं लिहितो आणि ती ऊर्जा पुन्हा मिळत नाही. मी लायब्ररीत मुलांचा वाचनकट्टा घेते, मुलं वह्या आणून दाखवतात, ड्रॅगन आणि स्पेसशिप एकाच पानावर असतात, आणि ते वाचताना जो वेग असतो ना तो मोठ्यांच्या नीट तपासलेल्या कथांमध्ये मला क्वचित सापडतो. मराठीतल्या कितीतरी विज्ञानकथा मला याचसाठी वाचवत नाहीत, त्यात लेक्चर असतं, पात्रं एकमेकांना सिद्धांत समजावून सांगत बसतात. तुमची दुरुस्त दुनिया तशीच होणार अशी मला भीती आहे. जुनी वही जुनी राहू द्या. खाजनावर लिहायचंय तर खाजनावर नवीन लिहा ना, त्या मुलाच्या ग्रहावर का लादताय?

म्हापशाची फिजिक्सची बाई (निवृत्त)

माझा विरोध दोघांनाही आहे. दिवाडीवाले, तुम्ही आकड्यांच्या चुका किरकोळ म्हणून बाजूला सारल्यात, तिथेच तुमचं चुकतंय.

तुमचा ग्रह घ्या. त्रिज्या पृथ्वीच्या दहापट आणि माणसं तिथे आरामात चालतात, म्हणजे गुरुत्वाकर्षण पृथ्वीएवढं. तसं असायचं तर त्या ग्रहाची घनता पृथ्वीच्या एक दशांश हवी. पृथ्वीची सरासरी 5.5 आहे, म्हणजे तुमच्या ग्रहाची 0.55 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. शनीची 0.69 आहे आणि शनी वायूचा गोळा आहे, त्यावर उभं राहायला जमीनच नाही. आणि घनता पृथ्वीचीच ठेवली तर गुरुत्वाकर्षण दहापट, माणूस उठून बसणार नाही. म्हणजे हा एक आकडा बदलला की तुमचं शहर, बंदर, सेनापती सगळं जातं किंवा सगळं नवीन होतं. त्याला किरकोळ कसं म्हणायचं?

आता भरती. भरतीचं बळ चंद्राच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. ग्रह पृथ्वीएवढाच धरा आणि पहिला चंद्र आपल्यासारखाच. दुसरा त्याच्या एक दशांश वस्तुमानाचा पण निम्म्या अंतरावर ठेवला तर त्याचं बळ 0.1 गुणिले 8, म्हणजे आपल्या चंद्राच्या 0.8. दोन्ही एका रेषेत आले की 1.8, काटकोनात आले की जेमतेम 0.2. सूर्य मी सध्या धरलेला नाही. जवळचा चंद्र साडेनऊ-पावणेदहा दिवसांत फेरी मारेल, त्यामुळे साधारण साडेसात दिवसांनी मोठी भरती आणि मधल्या दिवसांत पाणी जवळजवळ जागचं हलणारच नाही. आता तुमची मानस बघा. पावसाळ्यात त्या मधल्या दिवसांत सुकतीच पुरेशी होणार नाही, दारं उघडणार नाहीत, आतलं पाणी आतच साचेल. आणि आठवड्यानं बांधावर आपल्या जवळपास दुप्पट पाणी. त्या लोकांचं पंचांग, पेरणी, लग्नाच्या तारखा सगळं यावर बसेल. तुम्हाला जी माणसं हवी होती ती आकड्यातूनच बाहेर येतात.

फोंड्याच्या ताई, मुलांना हे सांगितलं तर त्यांचा वेग जातो असं मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. घनतेचं गणित फळ्यावर केलं की मागच्या बाकावरचा पोर विचारतो, मग बाई दहापट वजनात उड्या मारणारा प्राणी कसा असेल? तिथून दुसरी गोष्ट सुरू होते.

डिचोलीचा

बाईंचं गणित मस्त. माझी तक्रार मूळ पोस्टवर आहे, खाजन जरा जास्तच गोड करून सांगितलंय. हे खाजन राखणारी गावची संस्था, गांवकरी, म्हणजे काय होतं? गावच्या मूळ घराण्यांचे पुरुष वंशज तेवढे गांवकार, निर्णय त्यांचे. चिखलात उतरून बांध घालणारा, पेंढा-माती वाहणारा कूळ वेगळा, बायका तर कुठल्याच यादीत नाहीत. 1964 चा कूळकायदा आला त्याला कारणं होती. तेव्हा ग्रहावर मानस न्यायची असेल तर तिच्याबरोबर हेही न्या, रात्री भरतीत बांधाला भगदाड पडलं तर पाण्यात कोण उतरणार आणि सकाळी पावणीत बोली कोण लावणार. नाहीतर काचेच्या घुमटाच्या जागी मातीचा बांध एवढाच फरक, दुनिया तेवढीच खोटी.

हे बोलतोय कारण माझी वही खाणींची होती. लघुग्रहांवरच्या खाणी, शूर कॅप्टन, सोन्यासारखं खनिज घेऊन जाणारी लांबच लांब जहाजं. घर आमचं खाणपट्ट्यात, दिवसभर दारासमोरून खनिजाचे ट्रक, झाडांवर लाल धुरळा, नदीत खनिज नेणाऱ्या बार्जी, आणि माझ्या वहीतल्या लघुग्रहावर धूळ नाही! कॅप्टन आहे पण ड्रायव्हर नाही, खनिज धुतलेलं पाणी कुठे गेलं ते नाही. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसं कशी बसली ते मी पाहिलंय, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा पुन्हा तेच. एक कोर्ट, एक सही, आणि अख्खा तालुका थांबतो. धूळ खाणारा गाव आणि खाण चालू राहावी म्हणून मोर्चा काढणारा गाव एकच असतो, हे विज्ञानकथेत आलं पाहिजे. चांगल्या-वाईटाची लढाई रचून ते येत नाही.

दिवाडीवाला

@डिचोलीचा, कुळांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो आला तर गोष्टीला खरा ताण येईल. पण खोटी दुनिया हे मान्य नाही. व्यवस्था अन्यायी होती आणि ती हुशारही होती, दोन्ही एकाच वेळी. आज कित्येक ठिकाणी बांध फुटून खाजनात खारं पाणी शिरलंय आणि भाताच्या जागी कांदळवन उभं आहे, ते बघितल्यावर त्या हुशारीबद्दल बोलावंसं वाटतं, त्याला गोड करणं म्हणू नका.

@बाई, 0.2 आणि 1.8 हे दोन आकडे मी लिहून ठेवलेत. पाणी न हलणारे दिवस, याचा मी विचारच केला नव्हता. त्या दिवसांत मानशीवर मासळी नाही, पावणी घेणाऱ्याचं नुकसान, शेतात पाणी तुंबलेलं, सगळ्या गावाचा जीव टांगणीला.

सड्यावरचा

मी वास्कोचा. मला वाटतं तुम्ही सगळे खाजन-खाण करत एक गोष्ट विसरताय. घुमटातलं शहर खरंच कसं चालेल हे बघायचं तर ते उदाहरणही गोव्यातूनच निघालंय. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून बोटीनं गेली, जानेवारी 1982 मध्ये बर्फावर पोचली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही इथे हेडलँड सड्यावर आहे. पहिलं ठाणं दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये बांधलं, ते हिमफलकावर, म्हणजे समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर होतं, बर्फ साचत साचत गाडलं गेलं आणि 1990 ला सोडावं लागलं. म्हणून पुढचं ठाणं, मैत्री, खडकावर बांधलं. आता घुमटाचं शहर घ्या. डिझेल कुठून येतं, हिवाळ्यात बोट येत नाही तेव्हा दाढ दुखली तर कोण काढणार, कचरा कुठे जातो? अंटार्क्टिकात 1991 च्या माद्रिद करारानं बहुतेक कचरा परत न्यावा लागतो. थोडी माणसं, महिनोन्‌महिने तीच तोंडं, बाहेर काळोख.

तर दिवाडीवाले, तुमचा घुमट मला वाईट नाही वाटत. तो मोडून मातीचा बांध घालायचा हट्ट मला पटत नाही. प्रत्येक गोष्ट आपल्या मातीतली असलीच पाहिजे हे नवीन बंधन झालं. गोव्यातल्या मुलानं बर्फावरचं ठाणं रचलं तर ते परकं कसं? घुमट ठेवा, फक्त त्याचं डिझेल मोजा.

फोंड्याची वाचक

सगळं वाचलं. बाईंच्या मागच्या बाकावरच्या पोरावर मी हरले, तो मुद्दा मान्य, गणितानं वेग जातोच असं नाही. पण माझा मूळ आक्षेप कायम आहे. डिचोलीच्या भाऊंची पोस्ट बघा, त्यांच्या वहीतून धूळ गायब होती याला ते उणीव म्हणतायत. मला ती उणीव वाटत नाही. दिवसभर दारात धूळ असलेल्या मुलानं धूळ नसलेली खाण रचली, ती त्याची गरज होती. ती दुरुस्त करून धूळ भरली की नवीन गोष्ट खरी होईल, चांगलीही होईल, पण त्या मुलाला काय हवं होतं ते पुसलं जाईल. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळी नावं. एकीला दुसरीची सुधारलेली आवृत्ती म्हणू नका.

डिचोलीचा

ताई, हे मी कधी असं बघितलं नव्हतं. तरी एक सांगतो, त्या मुलाला धूळ नको होती एवढंच नाही, त्याला वाटायचं आपल्या दारातलं गोष्टीत यायच्या लायकीचंच नाही. वाचायला मिळालेल्या गोष्टींमध्ये आमच्यासारखं गाव कधी नव्हतंच. ती समजूत मला पुसायचीच आहे.

फोंड्याची वाचक

ती पुसा. त्यात मी तुमच्या बाजूनं आहे. वही मात्र ठेवा.

दिवाडीवाला

तर माझ्यापुरतं असं ठरवतोय. ग्रह पृथ्वीएवढा, बाईंचे दोन चंद्र, किनाऱ्यावर बांध, आणि सड्यावरच्यांचं ऐकून एक घुमटही ठेवतो, पण तो बांधाच्या आत, खालच्या पातळीवर, त्यामुळे घुमटातल्या लोकांचा जीव बाहेरच्या कुळांच्या हातात. जे बांध राखतात त्यांना घुमटात शिरायची परवानगी नाही. नाव नवीन देतो, फोंड्याच्या ताईंचं तेवढं ऐकलं. दुरुस्तीच म्हणतोय मी अजून याला, कारण दोन चंद्र त्याच वहीतले आहेत आणि ते मी सोडणार नाही.

म्हापशाची फिजिक्सची बाई (निवृत्त)

सूर्य धरायचा राहिलाय हे विसरू नका. आपल्याकडे सूर्याचं भरतीचं बळ चंद्राच्या साधारण 0.46 आहे. तिघे एका रेषेत आले तर 1.8 चं 2.26 होतं, आणि बांधाची उंची नेहमीच्या भरतीवर ठरवून चालत नाही, सगळ्यात मोठ्या भरतीवर ठरवावी लागते. तुमच्या ग्रहाचं वर्ष किती दिवसांचं ते आधी सांगा, मग तो दिवस पावसाळ्यात येतो का ते बघू.