मॉरिशसमध्ये गुलामांचा धर्म बदलला, गिरमिटियांचा का नाही?

रानवारा:
मॉरिशसच्या २०११ च्या जनगणनेत हिंदू सुमारे ४८.५ टक्के, रोमन कॅथलिक २६ टक्के आणि मुसलमान १७ टक्के होते. या बेटावर मूळची मनुष्यवस्तीच नव्हती. सगळेच बाहेरून आले. मग आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज बहुतांशी कॅथलिक कसे झाले आणि करारावर आलेल्या भारतीय मजुरांनी, म्हणजे गिरमिटियांनी, आपला धर्म कसा टिकवला? हा केवळ संख्येचा परिणाम मानावा काय?

गलबत:
संख्या महत्त्वाची आहेच. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये तिथल्या पोर्ट लुई बंदरात उतरले. मात्र माझ्या मते कायद्यातला फरक अधिक निर्णायक ठरला. फ्रेंच अमलात, १७२३ च्या फर्मानानुसार, गुलामांना कॅथलिक बाप्तिस्मा देणे मालकांवर बंधनकारक होते, शिवाय विक्रीत कुटुंबे आणि भाषा विस्कटत गेल्या. गिरमिटिया मात्र, त्याचे हाल कितीही झाले तरी, कराराने बांधलेला मजूर होता आणि फ्रेंचांनंतर आलेल्या ब्रिटिशांनी त्याच्यावर धर्मांतराची अट घातली नव्हती. पुढे स्त्रियांचे ठरावीक प्रमाण पाठवण्याचा नियम आला, त्यामुळे कुटुंबे उभी राहिली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा ते विकत घेऊन भारतीयांनी गावे वसवली. मळ्यांच्या कडेला कालीमाईची ठाणी तर त्याआधीपासूनच होती.

जांभा:
वरील विवेचनास एक पुरवणी. ‘हिंदू’ हा आकडा एकजिनसी समजू नये. तिथल्या बोलीत ‘हिंदू’ म्हणजे बहुधा भोजपुरी मुलखातून आलेल्यांचे वंशज. तमिळ, तेलुगू आणि मराठी मंडळी स्वतःची ओळख वेगळी सांगतात. यांपैकी मराठी लोक मुंबई बंदरातून गेले आणि त्यांत कोकणातले पुष्कळ होते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

रानवारा:
आभार. म्हणजे शेजारच्या रियुनियन बेटावर गेलेल्या तमिळ मजुरांचे वंशज चर्चमध्येही जातात आणि देवळातही, त्याचे उत्तर फ्रेंच राजवटीत शोधावे लागेल.

गलबत:
बऱ्याच अंशी, होय. तिथे मजुरांची संख्याही तुलनेने कमी होती आणि १८८२ मध्ये ब्रिटिशांनी भारतातून होणारी ती भरती थांबवली, त्यामुळे नव्या येणाऱ्यांचा आधार लवकरच तुटला.