चालण्याआधी रक्त तपासावे
थकवा घालवण्यासाठी नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी पहाटे तासभर चालावे, वेळ काढला की मिळतो, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु नोकरी करणाऱ्या स्त्रीचा थकवा हा केवळ वेळापत्रकाचा प्रश्न आहे असे त्यात गृहीत धरले आहे, ते मला पटत नाही. साताऱ्यात राहून मीही अजिंक्यतारा किल्ल्यावर चालायला जाण्याचा नेम धरला होता, पण दुसऱ्याच वळणावर धाप लागून कठड्यावर बसावे लागे आणि दुपारी पतसंस्थेत रोकड जुळवताना डोळे मिटत. चाळिशी आली, असे म्हणत मी वर्ष काढले. अखेर रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन (रक्तातील प्राणवायू वाहून नेणारा लोहयुक्त घटक) ८.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले, गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय (ॲनिमिया) मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या.

खरी गंमत (गंमतच म्हणायची) पुढे झाली. लोहाच्या गोळ्या दोन महिने घेऊनही आकडा जेमतेम हलला, कारण डबे भरता भरता ओट्यापाशी उभ्यानेच चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायची, ही माझी पद्धत. चहातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. त्यामुळे डॉक्टरांनी गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहापासून किमान तासभर अंतर ठेवून आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घेण्यास सांगितले. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.